चिकारांगला निघालेल्या मॅनेजरला: इंडोनेशियात वाईट बातमी तुमच्यापर्यंत कशी येईल

चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीतल्या प्रॉडक्शन मॅनेजरची दोन वर्षांसाठी जकार्ताजवळच्या चिकारांगच्या प्लँटवर बदली झाली आहे. त्यांनी विचारलंय की तिथल्या रीतीभाती काय, कामाच्या ठिकाणी काय पाळावं, काय टाळावं. शेवटी एक ओळ जोडली आहे: ‘आधी तिथे असलेला आमचा माणूस सांगतो, ही मंडळी मीटिंगमध्ये सगळ्याला हो म्हणतात आणि नंतर काहीच करत नाहीत. हे खरं आहे का?’

चिकारांग ज्यात येतं त्या बेकासी-कारावांग पट्ट्यातल्या कारखान्यांत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची ती शेवटची ओळ हाच खरा प्रश्न आहे. उजव्या हाताने द्या-घ्या, मोठ्यांच्या पुढून जाताना थोडं वाकून जा, घरात शिरताना चपला बाहेर काढा, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुणाच्या डोक्याला मात्र हात लावू नका. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, घेतलेलं कार्ड क्षणभर वाचा आणि मगच ठेवा. स्त्रियांनी हात पुढे केला तरच हस्तांदोलन करा, नाहीतर छातीशी हात नेऊन किंचित मान झुकवा. बोट दाखवायचं झालं तर तर्जनी नको, मूठ मिटून अंगठ्याने दाखवा. संपला शिष्टाचार. एवढ्याने तुमचं स्वागत चांगलं होईल, पण प्लँट चालणार नाही.

प्लँट अडतो तो वेगळ्याच जागी. इंडोनेशियात, त्यातही जावा बेटावर, वाईट बातमी आपण होऊन साहेबापर्यंत चढत नाही. तिला रस्ता करून द्यावा लागतो. तुमच्या आधीच्या माणसाने तो केला नसावा.

एक प्रसंग सांगतो. एका प्लँटमध्ये एक डाय, म्हणजे पार्ट घडवायचा साचा, दुरुस्तीसाठी बाहेरच्या व्हेंडरकडे गेली होती आणि सोमवारी ग्राहकाची ट्रायल होती. बुधवारच्या आढाव्यात भारतातून आलेल्या प्लँट हेडने बारा-पंधरा माणसांसमोर टूलरूमच्या सुपरवायझरला इंग्रजीत विचारलं, ‘शनिवारपर्यंत येईल ना?’ सुपरवायझर हसला, शेजारी बसलेल्या आपल्या सेक्शन हेडकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘मासिह दिउसाहाकान, पाक.’ म्हणजे, प्रयत्न चालू आहेत, साहेब. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं: शनिवार. आता गंमत बघा. व्हेंडरकडे स्टीलच आलेलं नाही, हे टूलरूमला मंगळवारीच कळलं होतं. सुपरवायझरने ते सेक्शन हेडच्या कानावर घातलंही होतं. पण तो व्हेंडर निवडला होता परचेसच्या प्रमुखांनी, आणि ते समोरच बसले होते. भर मीटिंगमध्ये स्टीलचं नाव काढणं म्हणजे परचेसच्या प्रमुखांची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. ते कुणीही करणार नव्हतं. कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त साहेबांना.

शनिवारी साहेब शॉप फ्लोअरवर उभे राहून जे ओरडले, त्यानंतर पुढचे कित्येक महिने त्या प्लँटमध्ये त्यांना एकही वाईट बातमी मिळाली नाही. सगळं सुरळीत चाललंय असं त्यांना वाटत राहिलं. ग्राहकाकडून रिजेक्शनचे ईमेल आले तेव्हाच काय ते कळायचं.

आता यात खोटं कोण बोललं? माझ्या मते कुणीच नाही. ‘प्रयत्न चालू आहेत’ हे वाक्य तिथल्या कानाला ‘अडचण आहे, नंतर विचारा’ असंच ऐकू येतं. उत्तराआधी सेक्शन हेडकडे टाकलेली नजर, थोडा जास्त वेळ टिकलेलं हसू, ‘इन्शाअल्लाह’ म्हणताना उतरलेला आवाज, या सगळ्या खुणाच आहेत. व्हॉट्सॲपवर तुम्हाला दिवसभर ‘सिआप, पाक’ असा मेसेज येईल. तो लष्करी थाटाचा शब्द आहे. हुकूम पोचला एवढंच तो सांगतो. काम होईल की नाही याबद्दल त्यात काही नसतं. आपल्याकडेही शिपाई ‘हो साहेब’ म्हणतो तेव्हा आपण त्याला लेखी आश्वासन समजत नाही. तीच समज इथे ठेवा.

प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. ‘होईल ना?’ हा प्रश्न इंडोनेशियात विचारूच नका, कारण त्याला एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी मीटिंग संपल्यावर टूलरूममध्ये जा, माणसाची चौकशी करा, मुलांच्या शाळेचं विचारा, मग म्हणा, ‘आदा कंदाला आपा?’ काय अडचण आहे? अडचण विचारणं तिथे शिष्टसंमत आहे. अडचण ही वस्तूची असते, माणसाची नसते, त्यामुळे ती सांगताना कुणाचं तोंड काळं होत नाही. स्टील कुठवर आलंय, मशीन कुठल्या टप्प्यावर आहे, आज काय संपलं, असे प्रश्न विचारा. वस्तुस्थितीचं उत्तर मिळतं. वचन मागितलंत तर फक्त वचन मिळतं.

दुसरी गोष्ट रागाची. चाकणमध्ये सुपरवायझरवर चार लोकांसमोर आवाज चढवला तर तो संध्याकाळी चहाला परत तुमच्याबरोबर असतो. चिकारांगमध्ये नसतो. चारचौघांत अपमान झालेला माणूस भांडत नाही, उलट उत्तर देत नाही, खाली मान घालून हसतो. हे हसू निर्लज्जपणाचं समजून आपली मंडळी अजून चिडतात. ते लाजेचं हसू आहे. सोमवारी तो येत नाही, आठवड्याभरात कौटुंबिक कारणासाठी राजीनामा येतो, आणि त्याच्यामागे लाइनवरचे आणखी दोघं जातात. बेकासी आणि कारावांगमध्ये देशातलं सर्वांत जास्त किमान वेतन आहे आणि शेजारी दुसरा कारखाना असतोच, तेव्हा चांगल्या माणसाला थांबण्याची गरज नाही.

आणि कमरेवर हात ठेवून उभे राहू नका. आपल्या शॉप फ्लोअरवर निम्मे मॅनेजर तसे उभे असतात, त्यात आपल्याला काही वाटत नाही. तिथे ती भांडायला आलेल्या माणसाची उभं राहण्याची ढब आहे. तुम्ही शांतपणे मशीनकडे बघत असाल, पण ऑपरेटरला वाटतं साहेब आज भडकलेत. हात मागे बांधा किंवा पुढे जोडून ठेवा.

कुणाची चूक दाखवायचीच असेल तर एकट्याला केबिनमध्ये बोलवा, दार लावा, आधी त्याच्या कामातलं जे खरोखर चांगलं आहे ते सांगा. कडक बोलायचं असेल तर ते त्याच्याहून वयाने मोठ्या सहकाऱ्याकडून पोचवा. हे हळू वाटतं. पण हळू बोललेलं पोचतं, आणि पोचल्याची खूण म्हणजे तो माणूस पुढच्या वेळी स्वतः येऊन सांगतो की साहेब, एक अडचण आहे.

इंडोनेशियन लोक स्वतः या सवयीची भरपूर टिंगल करतात, हे ध्यानात ठेवा. ‘आसाल बापाक सनांग’, म्हणजे साहेब खूश राहिले की झालं, ही त्यांचीच जुनी थट्टा आहे. एबीएस असं तिचं लघुरूपही सर्रास वापरतात. तुमची टीम तुमच्याशी मोकळी झाल्याची एक खात्रीची खूण म्हणजे ते तुमच्यासमोर एबीएसचा विनोद करू लागतात.

वाईट बातमीचा रस्ता म्हणजे प्रत्यक्षात एखादा माणूस असतो. वायांग कुलित हे चामड्याच्या बाहुल्यांचं छायानाट्य पाहिलंत तर त्यात पांडव दिसतील, पण आपल्या महाभारतात नसलेला एक म्हातारा, पोट सुटलेला सेवकही दिसेल: समार. गारेंग, पेत्रुक आणि बागोंग ही त्याची मुलं. अर्जुनाला जे कुणी सांगू शकत नाही ते समार थट्टेथट्टेत सांगतो, आणि अर्जुन ऐकतो. प्रत्येक कारखान्यात असा एक समार असतो. कधी वीस वर्षं जुना मेंटेनन्सचा फोरमन, कधी एचआरमधल्या बाई, कधी कामगार संघटनेचा प्रतिनिधी. तो शोधा. आधीच्या मॅनेजरकडून हँडओव्हर घेताना माणसांविषयीची त्याची मतं ऐकून सोडून द्या, फक्त एवढंच विचारा: दोन वर्षांत आपण होऊन वाईट बातमी घेऊन तुझ्याकडे कोण आलं होतं? एखादं नाव मिळालं तर पहिला चहा त्याच्याबरोबर. नाव मिळालं नाही, तर तुम्हाला आधी काय दुरुस्त करायचंय तेही कळलं.

मीटिंगबद्दल थोडं. आपल्याकडे मीटिंगमध्ये वाद होतो आणि तिथेच निर्णय होतो. तिथे निर्णय मीटिंगच्या आधी, दोघातिघांच्या बोलण्यात शिजतो, आणि मीटिंग त्यावर शिक्कामोर्तब करते. चर्चा करत करत सगळ्यांना मान्य होईल तिथे पोचायचं, याला मुशावारा आणि मुफाकात म्हणतात. ही केवळ गावातली रीत नाही. इंडोनेशियाच्या राज्याचा पाया असलेल्या पंचसिलाच्या, म्हणजे पंचशीलाच्या, चौथ्या तत्त्वात सल्लामसलतीतून येणारं शहाणपण लिहिलेलं आहे. म्हणून शिफ्टची वेळ बदलणं, नवीन सेफ्टी नियम, बोनसची पद्धत असं काहीही आणायचं असेल तर आधी ‘सोसिआलिसासी’ करा. हा शब्द रोज ऐकाल. म्हणजे जाहीर करण्याच्या दोन आठवडे आधी सेक्शन हेडना, मग सुपरवायझरना, मग संघटनेला गोष्ट कानावर घालायची, त्यांच्या शंका ऐकायच्या, थोडा बदल करायचा. हे न करता सोमवारच्या सकाळी नोटीस लावलीत, तर कुणी विरोध करणार नाही आणि कुणी पाळणारही नाही.

बाहेरच्या मीटिंगला गेलात तर समोर झाकण ठेवलेला चहा येईल, बाजूला खोक्यात खाऊ असेल. यजमान ‘सिलाकान’, म्हणजे ‘घ्या’, म्हणेपर्यंत त्याला हात लावू नका, आणि म्हणाल्यावर मात्र एक घोट तरी घ्या. तसाच ठेवून उठणं बरं दिसत नाही. मोठ्या बैठकीत भाषणाची सुरुवात अस्सलाम आलैकुमने होते, आणि त्यापाठोपाठ बऱ्याचदा शालोम, ओम स्वास्तियास्तु, नमो बुद्धाय असे सगळ्या धर्मांचे नमस्कार येतात. इंडोनेशियात सहा धर्मांना अधिकृत स्थान आहे: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन. सगळे नमस्कार संपेपर्यंत फोन खिशात राहू द्या.

संबोधनांचं गणित सोपं आहे आणि ते पहिल्या दिवसापासून पाळा. पुरुषाला पाक, स्त्रीला बू, आणि पुढे त्या व्यक्तीचं पहिलं नाव. ड्रायव्हर, वॉचमन, चहावाले काका, सगळे पाक. वयाने लहान जावानीज मुलगा असेल तर मास, मुलगी असेल तर म्बाक. सुंदानीज मंडळी आपापसात आकांग आणि तेतेह म्हणतात, ते ऐकून ऐकून येईल. तुम्हालाही सगळे पाक म्हणतील. ‘मला नावाने हाक मारा’ असा अमेरिकन आग्रह धरू नका, लोक अवघडतात. अनेक जावानीज लोकांना एकच नाव असतं, आडनाव नसतं. देशाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो हे त्याच पद्धतीचे. पुण्याच्या ऑफिसातलं एचआर सॉफ्टवेअर आडनावाशिवाय पुढे जात नसेल तर ते आधीच आयटीला सांगून ठेवा, नाहीतर लोकांच्या नावापुढे ‘एन ए’ छापलेली ओळखपत्रं निघतात. हे मी गमतीने सांगत नाही.

सगळे इंडोनेशियन सारखे नाहीत, हे मात्र विसरू नका. चिकारांग हा मूळचा सुंदानीज मुलूख, लोक गोड बोलणारे. योग्याकार्ता आणि सोलोचे जावानीज सर्वांत आडून बोलणारे. उत्तर सुमात्राचे बाताक मात्र मोठ्याने, तोंडावर, स्पष्ट बोलतात, कोल्हापूरकराला घरच्यासारखं वाटेल असं. तुमच्या लीगल किंवा सेल्समध्ये एखादा बाताक असेल तर सुरुवातीला तोच तुमचा दुभाषा. सुराबायाची माणसंही बरीच सरळ. व्हेंडरपैकी पुष्कळ चिनी वंशाच्या इंडोनेशियन कुटुंबांचे उद्योग असतील. तिथे निर्णय झटपट होतो, पण तो घरातला मोठा घेतो, समोर बसलेला मॅनेजर नाही. मे १९९८ च्या चिनीविरोधी दंगली आणि १९६५ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडाचे विषय आपण काढायचे नाहीत. समोरच्याने काढले तर ऐकायचे.

आता कॅलेंडर, कारण पुण्याच्या हेड ऑफिसशी पहिला खटका इथेच उडणार आहे. जकार्ता भारताच्या दीड तास पुढे आहे. शुक्रवारी सकाळी दहाचा पुण्याचा आठवड्याचा कॉल म्हणजे तिथे साडेअकरा, आणि साडेअकराला पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजाला निघालेली असतात. एकच्या आधी परत येत नाहीत. कॉलवर लोक येतील, कारण साहेबांनी बोलावलंय, पण त्यांना तसं बोलावणं तुमच्या नावावर जमा होईल. तो कॉल पुण्याच्या साडेबाराला ढकला. रमजानमध्ये तसंच संध्याकाळचं. जकार्ता विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो, म्हणजे पुण्यात साडेचार. हेड ऑफिसला नेमका साडेचारला आढावा घ्यायची हुक्की येते. उपास सोडायची ती वेळ असते.

रमजानमध्ये उत्पादनाचा वेग थोडा उतरतो, तो प्लॅनमध्ये आधीच धरा. दिवसा उपास न करणाऱ्यांनी खाल्लं तर कुणी हटकत नाही, पण उपाशी माणसासमोर डबा उघडून बसू नये, इतकं आपल्याला कळतं. संध्याकाळच्या ‘बुकबर’ला, म्हणजे एकत्र उपास सोडण्याच्या जेवणाला, बोलावलं तर जा. खजूर, गोड सरबत, मग नमाज, मग जेवण. टीमसाठी एकदा तुम्ही स्वतः घाला.

त्याआधी टीएचआर. सणाचा भत्ता. वर्षभर काम केलेल्याला एक महिन्याचा पगार, त्याहून कमी काम असेल तर प्रमाणात, आणि सणाच्या किमान सात दिवस आधी हातात. हे कायद्याने बंधनकारक आहे. याला बोनस समजून हेड ऑफिसच्या मंजुरीसाठी अडकवून ठेवू नका. हा पैसा मिळाला की गावी जायची तिकिटं निघतात, आई-वडिलांसाठी कपडे घेतले जातात. ईदच्या, म्हणजे लबारानच्या आधी कोट्यवधी लोक गावाकडे निघतात, त्याला मुदिक म्हणतात. गणपतीला मुंबई रिकामी होऊन कोकणात जाते, तसा अख्खा जकार्ता रिकामा होतो. तेव्हा मशीन चालू ठेवण्याचा हट्ट सोडा, मोठी मेंटेनन्स तेव्हा लावा, आणि सुट्टीच्या आधीचा आठवडा व सुट्टीनंतरचा आठवडा डिस्पॅचच्या प्लॅनमध्ये मोकळा ठेवा. ईदची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा प्लॅन उचलून चालत नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हलाल बिहलाल असतं. सगळे रांगेत उभे राहतात, प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवून ‘मोहोन माआफ लाहिर दान बातिन’ म्हणतो: कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा असावी. मॅनेजरही म्हणतो, वॉचमनलाही म्हणतो. इथे उभं राहायचं आहे. केबिनमध्ये ईमेल बघत बसलेला मॅनेजर वर्षभर लोकांच्या लक्षात राहतो. वर्षभरात कुणाशी काही बिनसलं असेल तर ते मिटवायला याहून सोपा दिवस मिळणार नाही.

भारतीय माणसाचा आणखी एक घोटाळा होतो, आणि तो मला फार खटकतो. तिथे विस्नू, देवी, श्री, बीमा, युधिस्तिरा अशी नावं भेटतात, जकार्ताच्या मध्यात रथावरच्या अर्जुनाचा भव्य पुतळा आहे, बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हात गणेश आहे, प्राम्बानानच्या देवळांपुढे रामायणाचं नृत्यनाट्य होतं. हे पाहून आपली मंडळी विस्नू नावाच्या मुस्लिम इंजिनिअरला सांगतात, ‘म्हणजे तुम्ही मूळचे आमचेच!’ असं बोलू नका. नोटेवरच्या गणपतीचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड तर मुळीच दाखवू नका; ती २०,००० रुपियाची नोट १९९८ ची होती आणि केव्हाच चलनातून गेली. महाभारत त्यांच्याकडे हजार वर्षं मुरलेलं आहे आणि ते त्याला जावानीज मानतात. त्यांच्या महाभारतात समार आहे, आपल्या नाही. त्यांना त्याबद्दल विचारा, तुम्ही कमी बोला. तुमच्या फोरमनचं वायांगचं ज्ञान पाहून थक्क व्हाल. शाहरुख खानची गाणी मात्र बिनधास्त म्हणा, अर्धी पार्टी तुमच्याबरोबर गाईल.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: तरासी. वाळवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, जवळपास प्रत्येक साम्बालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असतो, गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या चटणीतही असू शकतो. ‘मांस नको’ म्हटलं तर चिकन येईल, कारण त्यांच्या बोलण्यात मांस म्हणजे बहुतेक वेळा बीफ. कोंबडी नको, मासा नको, तरासी नको, अंडं चालेल की नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि तोफू मुबलक आहेत, उपाशी राहणार नाही. यजमानाच्या घरी चुकून काही आलं तर बाजूला सारा, चर्चा करू नका.

कपड्यांबद्दल फार काही नाही. शुक्रवारी बाटिक घालायची पद्धत बऱ्याच ऑफिसांत आहे. पूर्ण बाहीचा बाटिक शर्ट लग्नाला, मंत्रालयात, ग्राहकाकडे कुठेही सूटच्या जागी चालतो. गेल्या गेल्या दोन चांगले घ्या.

लग्नाला बोलावलं तर जा. ऑपरेटरच्या लग्नाला मॅनेजर येणं ही मोठी गोष्ट असते. दाराशी पेटी असते, त्यात पाकीट टाकायचं, वहीत नाव लिहायचं, स्टेजवर जाऊन वधूवर आणि दोन्हीकडच्या आईवडिलांशी हात मिळवायचे, फोटो, जेवण, आणि तासाभरात मोकळे. कुणाचे वडील गेले असं सकाळी कळलं तर दफन बहुधा त्याच दिवशी होतं, टीममधले लोक गाडी करून निघतात; लाइन थांबते म्हणून अडवू नका, शक्य असेल तर तुम्हीही त्या गाडीत बसा. भारतातून परतताना ओलेह-ओलेह म्हणजे खाऊ आणायचाच. बाकरवडी उत्तम चालते. पाकिटावर शाकाहारीची हिरवी खूण असते ती दाखवा, म्हणजे त्यात मांस नाही हे कळतं.

कायद्याच्या चार गोष्टी, कारण इथे चुकीला हसून सोडत नाहीत. परदेशी माणसाला मनुष्यबळ विभागाचं, म्हणजे कर्मचाऱ्यांशी संबंधित पद धरता येत नाही. म्हणून नेमणूक, शिस्तभंग, कामावरून कमी करणं अशा कागदांवर सही इंडोनेशियन एचआर प्रमुखांची हवी, तुमची नको. तुमच्या जोडीला एक इंडोनेशियन सहकारी नेमलेला असेल, तुमचं ज्ञान त्याच्याकडे जावं म्हणून. कागदोपत्री न ठेवता त्याला खरंच शिकवा, कारण तुमचं काम पुढे तोच सांभाळणार. करार इंडोनेशियन भाषेत असणं २००९ च्या कायद्याने आवश्यक आहे. २०१३ मध्ये पश्चिम जकार्ताच्या न्यायालयाने एका अमेरिकन कंपनीचा कर्जकरार केवळ इंग्रजीत होता म्हणून रद्द ठरवला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. तेव्हा व्हेंडरशी दोन्ही भाषांत करार करा. महत्त्वाच्या कागदावर १०,००० रुपियाचा मतराई, म्हणजे मुद्रांक, आणि कंपनीचा शिक्का लागतो. शिक्क्याशिवाय सहीला तिथे फारसं वजन नाही. सरकारी अधिकाऱ्याला सणाच्या निमित्ताने टोपली पाठवायची पद्धत जुनी असली तरी तुम्ही पाठवू नका. अधिकाऱ्याला मिळालेली भेट ३० कामकाजाच्या दिवसांत भ्रष्टाचारविरोधी आयोगाला, केपीकेला, कळवावी लागते, आणि तुमच्या टोपलीने त्याची पंचाईत होते.

वेळेबद्दल लोक ‘जाम कारेत’, रबरी घड्याळ, असं स्वतःच म्हणतात. कारखान्यात मात्र शिफ्ट वेळेवर सुरू होते, तिथे रबर चालत नाही. उशीर होतो तो बाहेरच्या भेटींना, आणि त्याला जबाबदार ट्रॅफिक. जकार्तात दिवसात दोनच मीटिंगा ठेवा. समोरचा उशिरा आला तर हसून चहा मागवा. तुम्ही मात्र वेळेवर पोचा, परदेशी माणसाकडून तीच अपेक्षा असते.

शेवटी भाषा. इंग्रजी येणारे दहा-बारा जण तुमच्या भोवती असतील, आणि त्यांच्यामार्फत आलेली प्रत्येक गोष्ट गाळून आलेली असेल. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत इंडोनेशियन शिका. लिपी रोमन, जसं लिहिलं तसं वाचायचं, लिंगभेद नाही, काळाप्रमाणे क्रियापदं बदलत नाहीत. मराठी व्याकरण पचवलेल्या माणसाला अवघड नाही. च, त, द, न हे उच्चार आपल्या जिभेवर आहेतच, गोरे लोक तिथेच अडखळतात. क्लास लावा, पण खरा सराव ड्रायव्हरबरोबर करा. चिकाम्पेक टोल रोडवर रोज तासभर गाडी जागची हलत नाही, तेवढा वेळ पुरतो.